सत्तावीस खुणा

पेन्सिल सुतळीने टेबलाला बांधून ठेवली होती,
जशी काही पळूनच जाणार होती.
निउएतून पळायचं तर आठवड्याला एक विमान,
त्यात पेन्सिलीला कोण घेतंय.

सभागृहाचं दार नऊला उघडलं.
बायका आधीच येऊन बसलेल्या,
केवड्याच्या पात्यांनी विणलेल्या रविवारच्या हॅट घालून,
शनिवार असूनही.
पंचवीस घरांच्या गावात चौदा घरांना कुलूप.
कुलूप कसलं, नुसती वेल.
त्यांची माणसं ऑकलंडला गोदामांत खोकी उचलतात,
त्यांना इथे मत नाही.
त्यांची थडगी मात्र इथेच, रस्त्याच्या कडेला,
वर्षातून एकदा चुना लावायला पैसे येतात.

मतदार सत्तावीस. उमेदवार दोन,
फेलेती आणि माकामाउ, सख्खे चुलतभाऊ.
दोघांत मिळून एक होडी, उलांडीची,
भाऊबंदकी करावी तर ती एकट्याला उचलत नाही.
प्रचार म्हणजे दोघं एकाच भिंतीला टेकून
पाण्याच्या टाकीबद्दल बोलले.
एकाला नवी हवी, दुसऱ्याला जुनीच दुरुस्त करून.
लोक खाली मान घालून
खेकड्याच्या नांग्या फोडत ऐकत होते.

आलोफीहून आलेला अधिकारी पोरसवदा.
त्याने मला शपथ दिली : मतदान गुप्त आहे.
मी घेतली. हसू आवरलं.
एकतीस वर्षं ह्या गावाकडून मी अक्षरं गिरवून घेतली,
ह्यातला कुठला हात मला अनोळखी?

पेटी उपडी केली
तेव्हा मतं पडली नाहीत, पाचवीची वही पडली.
ही तोलूपाची, रेघ चौकटीबाहेर, तेव्हासारखीच.
ही दाबून केलेली, कागद फाटेल इतकी :
मोकाफेतू. नवरा गेल्यापासून
ती सगळंच दाबून करते.
ही इतकी बारीक की माफी मागतेय.
एक माझी. तिच्याकडे मी
ओळख नसल्यासारखं पाहिलं.

तेरा-तेरा झाले.

सत्ताविसावा कागद चार घड्यांचा.
खूण कापरी, डावीकडे कललेली,
शेवटाला एक वेढा जास्तीचा,
विणकाम सुरू करताना पात्याला देतात तसा.
हिला मी शिकवलं नव्हतं,
हिने मला विणायला शिकवलं होतं.
लीनेपालू. फेलेतीची आई.
खूण माकामाउच्या नावापुढे होती.

मी मोठ्याने वाचलं : माकामाउ.
आवाज ओळंब्यासारखा सरळ ठेवला.

पहिली टाळी फेलेतीनेच वाजवली.
आई हॅटची कड नीट करत होती.
मग तो माझ्याजवळ आला.
"एकाच मताने, बाई. कुणाचं असेल?"
शहरात एक मत म्हणजे एक आकडा असेल.
इथे त्याला नाक असतं, गुडघेदुखी असते,
त्याच्या चुलीवर अळकुड्या शिजत असतात.
मी म्हटलं, गुप्त आहे.

संध्याकाळी ती आली.
केळीच्या पानात अळकुडी आणि पपई, नारळाच्या दुधातली.
बसली नाही.
म्हणाली, थोरला सहा महिन्यांचं सांगून गेला होता.
मधलीने तर किती दिवस तेही सांगितलं नाही.
मग बराच वेळ माझ्या कुत्र्याकडे बघत राहिली.
म्हणाली, आलोफी काय, अर्ध्या तासावर आहे.
मी म्हटलं, हो, अर्ध्याच तासावर.
म्हणाली, विमानतळ पण तिकडेच.

पान घडी करून परत घेऊन गेली.

सोमवारी माकामाउ इस्त्रीचा शर्ट घालून गेला.
होडीला दुसरं माणूस हवं होतं,
फेलेतीने मला हाक मारली.
मी एकसष्ट वर्षांची. पण गावात दुसरं होतं कोण.
उलांडीची बाजू धरली. जड.
आमच्या बेटाला वाळू नाही, नुसता धारदार खडक,
खाली पाणी काळंनिळं.

अर्ध्या वाटेत त्याने पुन्हा विचारलं.
मी म्हटलं,
पाय बघून टाक.