डावा हातमोजा

उत्तर डकोटा. रेल्वे न थांबणारं गाव.
बंद पडलेल्या डेअरीत आमचं माजी सैनिकांचं संग्रहालय.
शनिवारी दहा ते दोन; हिवाळ्यात, हीटर चालला तर.
छपराच्या वर्गणीत अजून चारशे डॉलर कमी,
पॅनकेकचा नाश्ता या खेपेला लूथरन चर्चच्या तळघरात.
दर महिन्याला पत्रकात हे मीच लिहिते.

नोंद क्रमांक चारशे बारा :
लोकरी हातमोजा, डावा. कोरिया, डिसेंबर एकावन्न.
देणारा : ऑर्लिन टोर्व्हिक.
स्थिती : बरी.

चौथीची सहल आली. रणगाड्याच्या मॉडेलपाशी झुंबड.
हॉगनांची मेव्ह तेवढी काचेला नाक लावून :
"दुसरा कुठंय?"

ऑर्लिन त्र्याण्णव वर्षांचे. कमी ऐकू येतं,
हे मात्र आलं.
"दिला. स्ट्रेचरवरच्या एकाला.
त्याचा उजवा हात बाहेर लोंबत होता.
नाव विचारायचं राहिलं."
आणि गेले खुर्च्या मोजायला,
आधीच मोजलेल्या.

बावीस वर्षं मी ती काच पुसतेय.
मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

फेब्रुवारीच्या पत्रकात
छपराच्या खाली, नाश्त्याच्या वर,
त्यांना न सांगता चार ओळी घुसवल्या :

हवा आहे. उजवा हातमोजा, हिरवट लोकर,
अंगठ्याशी रफू.
ज्याच्याकडे असेल त्यानं, नाहीतर त्याच्या मुलानातवंडांनी
नुसतं नाव कळवावं.
हातमोजा राहू द्या.

हीटर दुरुस्त झालाय. या.