विलंबित सुरुवात

चहा उकळून उतू जायचा, तरी पडद्यावरचं ते गोल चक्र
फिरतच असायचं.
उद्यमनगरातलं माझं जुनं लेथ
याच्यापेक्षा लवकर उठतं.

राजारामपुरीतला निहाल बागवान म्हणाला,
‘काका, मशीन म्हातारं नाही झालेलं.
आत माणसं फार झालीत, निम्मी बसून खात्यात.’
बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर लिहून दिलं
कोणकोणाला थांबवायचं.
खाली दोन रेघा : ‘बाकी कशाला हात लावू नका.’

जेवणं झाल्यावर यादी उघडली.
दीडशेच्या वर नावं.
स्थिती : चालू. चालू. चालू.
आमच्या शेडवर कधी बारापेक्षा जास्त माणूस नव्हता,
आणि इथं टेबलाखाली
दीडशे जण हजेरी लावून उभे.

फॅक्स बंद केला.
शेवटचा आलेला इचलकरंजीहून, मागाच्या गिअरचं ड्रॉइंग,
तो कागद कधीच पांढराफटक पडला.
नकाशे बंद. गंगावेशीत दूध प्यायला जायला
मला नकाशा लागत नाही.
खेळ बंद. ब्लूटूथ बंद.
‘आपला अनुभव सुधारण्यासाठी’ माहिती गोळा करणारा एक होता,
त्याला तर आधी घालवला.

एकाला थांबवायला गेलो तर चौकट उघडली :
ही सेवा थांबली तर पुढच्याही थांबतील.
खाली तीन नावं.
पट्टा उतरला की शाफ्टवरची सगळीच यंत्रं उभी राहतात,
हे मला कोणी शिकवायला नको.
‘नाही’ दाबलं.

मग एक नाव आलं, चिठ्ठीत नसलेलं.
‘सर्जेराव राखण’.
धाकट्यानं बसवलेलं. रोज संध्याकाळी सव्वासातला
बिलं, ड्रॉइंगं, पगाराचा तक्ता
काळ्या डिस्कवर उतरवून ठेवणारं.
वाटणीत लेथ माझ्याकडं राहिलं.
मिलिंग मशीन, टेम्पो आणि ती डिस्क
गोकुळ शिरगावला गेली.

नोंदी उघडल्या.
सव्वासात : ठिकाण सापडलं नाही. पुन्हा प्रयत्न केला जाईल.
सव्वासात : ठिकाण सापडलं नाही.
चार वर्षं, दोन महिने.
महापुरात वीज नव्हती तेवढे सहा दिवस सोडून.
आईच्या तेराव्याचीही नोंद होती.
त्या दिवशी आम्ही एकाच पंगतीत बसलेलो,
मीठ त्याच्या बाजूला होतं
आणि मी आमटी अळणीच खाल्ली.
संध्याकाळी मात्र हे
ठरल्या वेळी उठून
त्याचं दार वाजवून आलेलं.

बाण ‘बंद’वर नेऊन ठेवला.
बराच वेळ ठेवला.
बायको आतून म्हणाली, ‘झोपा की आता,
काय लग्नाची यादी करताय?’

सकाळी यंत्र चहाच्या आधी उठलं.
पण प्रिंटर मुका.
छपाईची रांग सांभाळणारा बापडा,
रात्री घाईत त्याच्यावरही माझा हात पडलेला.
दारात माळी फाउंड्रीचा पोरगा बिलासाठी
चप्पल न काढता उभा,
एक पाय रस्त्याकडं.
त्याला शोधून पुन्हा कामावर घेतला तेव्हा कुठं
घरघर करत बिल बाहेर आलं,
माथ्यावर अजून ‘हणबर बंधू’.
पोरग्यानं वाचलं नाही, आकडा तेवढा बघितला.

परवा निहाल भेटला पानपट्टीवर.
‘काका, केलं का सगळं?’
‘केलं. एकाला फक्त विलंबित सुरुवात दिली.
सगळी उठली, आपापल्या कामाला लागली,
की मग त्यानं निवांत उठायचं.’
‘कुठल्याला?’
म्हटलं, तुझ्या चिठ्ठीत नाही ते.

काल सव्वासातला मी मुद्दाम खुर्चीत बसून होतो.
टेबलाखालचा पंखा जरासा वाढला,
दोन मिनिटं,
मग पुन्हा खाली आला.