चारखणी

पुंता आरेनासला वारा चढला की
चौकाचौकांत दोर बांधतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
तसाच दोर धरत पोचलो एदेल्मिरा कुसानोविचच्या दारी,
पोटाशी खोका, खोक्यात तिचं यंत्र.

दुकानात मी सांगितलं होतं, बाई, तुम्ही एकट्या,
दोनखणी पुष्कळ झालं.
एका खणात डिस्क, दुसरीत तिचीच आरशातली बहीण,
एक गेली तर दुसरी सांभाळून घेते.
ती म्हणाली, चारखणी दे. डिस्क मात्र दोनच.
मी कागदावर हिशेब मांडला, किती पेसो वाया जातात.
तिनं कागदावर चष्मा काढून ठेवला.
रिकामे खण कशाला, विचारलं तर म्हणाली,
तुझ्या घरात
सगळ्या खुर्च्यांवर माणसं बसलेली असतात का?

टेबलावर बिस्किटांचा डबा उपडा केला तिनं.
अकरा जुन्या डिस्क, सात पेनड्राइव्ह,
दालचिनीचा वास अजून तसाच.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, नवऱ्याच्या अक्षरात:
बोट. बोट दोन. बोट खरी. बोट शेवटची.
तीस वर्षं सामुद्रधुनीतल्या फेरीवर इंजिन बघायचा तो,
पोर्वेनीरला जा, पोर्वेनीरहून ये,
आणि स्वतःची एक छोटी, निळी, पाण्यापेक्षा धक्क्यावर जास्त.
फोटो उघडत गेलो. काय सांगू,
बोट कमी, बोटच जास्त.
प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात त्याचा गुलाबी अंगठा.
हे काढून टाकू? जागा वाचेल.
ती म्हणाली, तेच आधी चढव.

यंत्र कुठे ठेवायचं?
मी म्हटलं, राउटरपाशी, स्वयंपाकघरात,
रात्री डिस्क फिरतात, कुरकुरतात.
ती म्हणाली, निजायच्या खोलीत.
सहा वर्षांत तिथं रात्री कुणी कुरकुरलेलं नाही.
मग काय, भिंतीच्या कडेकडेनं केबल नेली,
एकोणीस मीटर, दर हातभरावर खिळा,
दोनदा अंगठा ठेचला. माझा.

पडद्यावर विचारलं, यंत्राचं नाव?
नवऱ्याचं द्याल वाटलं होतं.
छे, गेलेल्याचं नाव देऊ नये,
हाक मारली आणि यानं ओ दिली तर?
'कोठी' टाइप कर.
पासवर्ड तिनं कॅलेंडरवर लिहिला.
मी बदलायला लावला.
दुसरा पिठाच्या डब्यात लपवला, माझ्यादेखत.

मग मी चालू यंत्रातून एक डिस्क ओढून काढली.
असं करून दाखवावं लागतं, त्याशिवाय विश्वास बसत नाही.
यंत्र किंचाळलं, दिवा तांबडा,
तिचा हात माझ्या मनगटावर, चांगलाच घट्ट.
पण पडद्यावर अंगठा जिथल्या तिथे,
मागे निळ्याची एक चिरी.
डिस्क परत सरकवली. पुन्हा जुळायला चौदा तास,
म्हटलं, काही करू नका, नुसतं असू द्या.
हे मला येतं, ती म्हणाली.

निघताना नेहमीचं बजावलं:
आरसा म्हणजे प्रत नव्हे.
इथं पुसलं की तिथंही पुसतं,
घर जळलं तर दोघी बहिणी एकदमच जळतात.
तिसरी प्रत दुसऱ्याच छपराखाली हवी,
दूर, पण आपल्या माणसाकडे. आहे कुणी?

बराच वेळ ती पत्र्यावरचा वारा ऐकत राहिली.
पोर्वेनीरला नणंद आहे, दानित्सा.
बोट विकली तेव्हापासून बोलणं नाही.
बोट कुणी विकली,
ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

टोपी घातली होती मी. तिनं फोन उचलला,
नंबर न बघता फिरवला.
सहा वेळा वाजला. सातव्याला कुणीतरी
'कोण?' म्हणालं, इतक्या मोठ्यानं की मलाही ऐकू आलं.
मी टोपी काढली,
आणि नीटच बसलेली केबल
पुन्हा नीट बसवू लागलो.