चौदा नंबरची किल्ली

किल्ल्यांचा फळा माझ्या खुर्चीमागे.
पितळी आकडे, खाली चिकटपट्टीवर माझं अक्षर:
एक, मुख्य दार. दोन, संचालक. तीन, परीक्षा विभाग,
जिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लाखेच्या शिक्क्याखाली
गप्प बसलेले असतात, कुणाचं तरी वर्ष मांडीवर घेऊन.
सहा, वाचनालय.
नऊ, संगणक कक्ष (अर्धी फिरवायची, दार जरा उचलायचं, मग).
बारा हरवली तेव्हा पगारातून चाळीस रुपये कापले.
तेराच्या खिळ्यावर माझी छत्री.
चौदा, वसतिगृह.

वसतिगृह अजून नाही.
किल्ली आली, कुलपासकट,
एका मार्चअखेरीस, निधी परत जाऊ नये म्हणून
मुख्यालयाने घाईघाईत जे जे घेतलं त्या खोक्यांतून:
बादल्या सव्वीस, आरसे सव्वीस, फलक एक,
'रात्री दहानंतर दिवे बंद'.

जागा आहे. इमारतीमागे, खाडीकडे.
चुन्याची रेघ दर साली उधाणाचं पाणी पुसतं
आणि दर साली कुणी साहेब येऊन परत मारून घेतो.
ओहोटीला तिथे निवट्या उड्या मारतात.
त्यांना चुन्याच्या आत काय, बाहेर काय.

माहितीपुस्तकात, पान नऊ, सुविधा,
तिथे मात्र ते आहे. चित्रासकट.
चित्रातल्या गॅलरीत एक मुलगी केस वाळवते आहे.

मथुरा वारघडे ते पान दुमडून घेऊन आली होती.
टोकावड्याची. कायद्याचं पहिलं वर्ष.
आजचा पेपर साडेपाचला सुटलेला, उद्याचा सकाळी साडेदहाला,
आणि कल्याणहून तिची शेवटची एसटी
ती बाळकूम नाक्यावर उभी असतानाच निघून जाणार.
"काका, वसतिगृहाची किल्ली तुमच्याकडे असते म्हणाले."

कोण म्हणालं ते मला माहीत आहे. मागे हसलेही असतील.
मी काय सांगणार? किल्ली होतीच.
फळ्यावरून काढून तिच्या हातात दिली.
तिने उलटसुलट करून पाहिली,
मग खिडकीतून बाहेर, त्या रेघेकडे,
आणि दुमडलेलं पान आणखी एकदा दुमडलं.
रडली नाही. म्हणाली,
"बादल्या तरी आहेत?"

बादल्या होत्या.

त्या रात्री सहा नंबर उघडं राहिलं.
फशीबाई झाडू ठेवून घरी गेली ती
तांदळाची भाकरी, सुकट आणि नातवाची चादर घेऊन परतली.
'येथील ग्रंथ घरी नेता येणार नाहीत'
या पाटीखाली आडवी झाली आणि घोरू लागली.
पोरगी करारकायदा वाचत बसली, ओठ हलवत.
मी दाराबाहेर, खुर्चीवर. खाडीकडून चिखलाचा वास.
दहा वाजले तसा उठलो. दिवा बंद करायला नाही,
तो फलक खोक्यात पालथा घालायला.

सकाळी नोंदवहीत लिहिलं:
'वाचनालय. दिवा नजरचुकीने राहिला. ध. वैती.'
त्या वर्षी नजरचूक सात वेळा झाली.
पुढच्या वर्षी अकरा, कारण मुरबाडची आणखी दोघी,
आणि वाड्याची एक, जिला अंधाराची भीती.
चौकशी आली. लेखी उत्तर दिलं,
चष्म्याचा नंबर वाढला आहे.
वरून शेरा आला: तपासून घ्यावा.

आता दारांना कार्डं लागणार, तसं परिपत्रक आहे.
फळा भंगारात, किल्ल्या वजनावर.
निवृत्तीला सतरा दिवस, हस्तांतरणाची यादी करतो आहे.
एक ते अकरा, चालू स्थितीत.
बारा, हरवली, रक्कम वसूल.
चौदापुढे पेन थांबतं.

दर शनिवारी तिला खोबरेल लावत आलो.
कुलूप अजून मऊ उघडतं, टक्कन,
टेबलावर,
कशालाच न लावलेलं.