फ्रेंच बचाव

धंतोलीतला हॉल, मे महिना, पाचवी फेरी.
कूलरचं पाणी संपलेलं, नुसता गरम वारा फेकतोय.
समोर उन्नती हेडाऊ, वय अकरा,
खुर्चीवरून पाय जमिनीला टेकत नाहीत.

राजापुढचं प्यादं मी एकच घर सरकवलं,
तीस वर्षं सरकवतोय तसं.
तिसऱ्याच चालीला तिनं तिचं पुढे रेटलं
आणि माझा पांढऱ्या घरांचा उंट
माझ्याच प्याद्यांमागे बसून राहिला,
अजनीच्या पार्सल ऑफिसात मी बसलो तसा.

बेचाळिसाव्या चालीला हात पुढे केला. हरलो.

मोहरे परत लावता लावता ती म्हणाली,
"काका, हा उंट घरातून निघालाच नाही नं.
काऊन?"

घड्याळ थांबवलेलं होतं.
तरी वाटलं, चाल माझी आहे
आणि वेळ जातोय.