जानेवारीची तोड

बांडुंगच्या शाळेतून खोकं परत आलं.
आत एक आंगक्लुंग, सोबत चिठ्ठी:
सात नंबरचा सूर बसलाय.
मुलं हलवतात तेव्हा तो खोकतो.

सार्किमने ते कानाशी नेऊन हलवलं,
मग बाकावर आडवं धरून टिचकी मारली.
मोठ्या नळीतून पीठ सांडलं,
पिवळसर, मऊ,
गिरणीतही इतकं बारीक कुणी दळत नाही.
काळ्या सालीवर टाचणीएवढी भोकं,
सहा. नाही, सात.

नळी उभी चिरली.
बाहेरून धडधाकट, आत नुसते बोळ,
आणि एका बोळाच्या टोकाशी
तिळाएवढा भुंगेरा, पाठ फिरवून, कामात.

चाळीस वर्षं सार्किम हेच करत आला होता:
थोडं तासायचं, कानाशी न्यायचं,
पुन्हा थोडं तासायचं,
सूर सापडला की हात आखडायचा.
याला तेवढंच कुणी शिकवलं नव्हतं.

इचिह म्हणाली, टाक चुलीत.
त्याने जुनी वही काढली.

पोरीच्या ऑपरेशनचे पैसे भरायचे होते त्या साली
भर जानेवारीत बेटात कोयता घातला होता,
वेळू पाण्याने तट्ट, पेरापेरांत गोडी.
तळ्यात मुरवला जेमतेम तीन आठवडे.
बाप सांगून गेला होता,
ऊन तापू दे, वेळूला उपाशी राहू दे, मग तोड,
उपाशी घरात पाहुणा टिकत नाही.

पोरगी वाचली. सुराबायात नर्स आहे.

त्या तोडीचे बारा नग.
एक हा. दोन जकार्ताच्या चर्चमध्ये,
चार जहाजाने ओसाकाला,
एक कुणीतरी लग्नात द्यायला नेला.
बाकीच्यांपुढे फक्त ‘रोख’.

शाळेच्या बिलावर त्याने लिहिलं:
नवी नळी. पैसे नकोत.
कारणाच्या रकान्यात पेन टेकून राहिलं,
शाईचा ठिपका पडला, भोकाएवढा.
मग लिहिलं, घाई.

रात्री इचिह झोपल्यावर
तो दाराच्या चौकटीला कान लावून बसला.
फणसाचं लाकूड, कोवळं, तेही त्याच सालचं.
बराच वेळ काहीच नाही.
मग आत कुणीतरी तासू लागलं,
थोडं,
आणि न थांबता पुन्हा थोडं.