तारवाबाहेर

पूर ओसरल्यावर जिन्याखालच्या ट्रंकेतलं शास्त्र
मी गच्चीवर वाळत घातलं, पानापानात चमचे घालून.
फतेगंजात तेव्हा सगळ्याच गच्च्यांवर कागद होते,
दहावीच्या वह्या, रेशनकार्डं, कुणाची जन्मपत्रिका.

पहिल्या पानावर आजोबांचा टाक होता.
नगरहून रेल्वेच्या वर्कशॉपात आलेला माणूस,
अक्षर पुढे झुकलेलं, गाडी सुटल्यासारखं:
कुणाचा बाप्तिस्मा कधी, कोण कुठल्या साली निजलं.
आता तिथे एक निळा डाग.
माझं नाव त्यातच कुठेतरी असावं.

रविवारी पाळकसाहेब म्हणाले,
विश्वामित्री घरात शिरली, मगरी रस्त्यावर आल्या,
पण आपल्या मंडळीतला एकही जीव गेला नाही.
स्तुती असो.
माझं आमेन घशात अडकलं माशाच्या काट्यासारखं.

मधुकांताबेन खालच्या मजल्यावर राहायच्या.
एकादशीला त्यांची साबुदाण्याची वाटी वर,
नाताळात माझ्या करंज्या त्याच वाटीतून खाली.
मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांचं डायलिसिस.
पुरात त्या माझ्याच पलंगावर होत्या, तीन रात्री.
मी नाव घेऊन प्रार्थना केली, चुकून दुसरी कुणी समजू नये म्हणून
आडनावासकट.
मंगळवारी होडी आली नाही.
शुक्रवारी आली.
त्या आपल्या मंडळीत नव्हत्या.

मग मला अमोस आठवला, नऊ वर्षांचा.
तेवीस वर्षं मी संडे स्कूलच्या फळ्यावर
तेच तारू लावत आले होते, तोच जिराफ, मान दुमडलेला.
जूनमध्ये त्यानं विचारलं होतं,
टीचर, बाहेरच्यांनी दार वाजवलं असेल ना?
मी म्हटलं होतं,
कबुतराला रंग दे.

सहा महिने गेले नाही. गुडघ्यांवर ढकललं.
भाऊ फोनवर म्हणाला, शंका सैतानाची असते.
मुलगी म्हणाली, मग सोडून दे ना, मम्मी.
दोघांना केवढी घाई.

रात्री मी भांडायचे, मोठ्यानं, भांडी घासता घासता.
भांडायला समोर कुणी लागतं
हे बरंच उशिरा लक्षात आलं. त्यावर विशेष आनंद झाला नाही.

एकेक काढून पाहिलं, पोपडा नखानं काढावा तसं.
देव सगळं योजून करतो: बोट लावताच गळून पडलं.
आपण निवडलेले: हे खरवडावं लागलं, खालची वीट अजून ओली.
वधस्तंभ मात्र निघेना.
तिथे एकानं ओरडून 'का' विचारलं होतं
आणि वरून काहीच आलं नव्हतं.
त्याच्यापाशी मला बसता आलं.
एवढंच. बाकी भिंत उघडी.

जिना दुरुस्त करणारे रमणभाई म्हणाले,
एवढ्यात रंग नका लावू, बेन. वरून छान दिसेल,
आत पाणी राहील.
एक उन्हाळा जाऊ द्या.

मार्चमध्ये गेले. शेवटच्या बाकावर, पंख्याखाली.
संडे स्कूलला अमोसच्या हाती खडू दिला:
बाहेरचे काढ.
त्यानं आधी मगर काढली. मग एक म्हैस.
मग एक बाई, पाण्याच्या वर फक्त हात.
बराच वेळ थांबला, आणि तारवातून एक दोरी सोडली.
कुणी सोडली रे?
माहीत नाही टीचर, लांबी पुरते का बघतोय.

आता मी प्रार्थना करते तिच्यात 'कारण' नसतं.
लहान झाली आहे. कधी नुसतं नाव, आडनावासकट.
शास्त्र वाळून फुगलंय, मिटत नाही,
कपाटाचं दारही त्यामुळे अर्धं उघडं.

आणि मधुकांताबेनची वाटी माझ्याकडेच आहे.
सून खाली भाजी निवडत बसलेली दिसते.
रिकामी कशी देऊ, म्हणून
रवा भाजायला घेतलाय.